खरखरीत पृष्ठभागाचा जमाखर्च

औंध संस्थान नकाशावर सलग कधीच नव्हतं. यमाईच्या डोंगराखालचं राजधानीचं औंध खटावच्या कमी पावसाच्या पट्ट्यात, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णेच्या खोऱ्यात आणि गुणदाळ पार विजापूरकडे, असं चार तुटक तुकड्यांचं ते राज्य. १९०९ साली गादीवर आलेल्या भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलचा निवडुंगाने भरलेला एक माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिला. कुंडल रोड स्टेशन शेजारीच होतं. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. बेळगावात जन्मलेला लोखंडी नांगर आता औंधच्या हद्दीत तयार होऊ लागला. सोबत कडबा कापायची यंत्रं होती, मागोमाग उसाचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं आली आणि १९२६ साली सेंट्रिफ्यूगल पंप आला.

खरखरीत पृष्ठभाग आणि उष्णता या विषयावरच्या पुस्तकाची प्रस्तावना कुंडलच्या माळावरून सुरू करायला कारण आहे. या एकाच कारखान्यातल्या वस्तूंनी पृष्ठभागाकडे परस्परविरोधी मागण्या केल्या. नांगराचा माती उलटणारा पत्रा गुळगुळीत हवा, नाहीतर ओली काळी माती त्याला धरून बसते आणि बैल दमतात. चरकाचे रूळ मात्र खाचांचे हवेत. ते गुळगुळीत केले तर ऊस आत ओढलाच जात नाही, तोंडाशीच घसरत राहतो. पंप पुन्हा नांगराच्या बाजूचा: पाणी जिथून जातं ती प्रत्येक जागा साफ हवी. म्हणजे खरखरीतपणा हा गुण की दोष, हे वस्तू काय काम करते त्यावर ठरतं, आणि हे कारागिराला पुस्तकाशिवाय कळतं. अडचण येते ती एकाच पृष्ठभागाकडून दोन कामं हवी असतात तेव्हा. नळीतून रस वाहायलाही हवा आणि वाहता वाहता तापायलाही हवा. पहिल्या कामाला खरखरीतपणा नडतो, दुसऱ्याला तो मदत करतो. नडतो किती आणि मदत करतो किती, याचा हिशेब म्हणजे हे पुस्तक.

आधी नडण्याची बाजू घेऊ, कारण आपल्या भागात तीच जास्त परिचयाची आहे. बिडाचा पंप वाळूच्या साच्यात ओतला जातो. साच्याच्या वाळूचा दाणा ओतकामाच्या अंगावर उमटतो. बाहेरून तो घासून काढता येतो, पण इंपेलरच्या पात्यांमधल्या अरुंद वाटांत हात पोचत नाही, तिथे वाळूची खूण राहून जाते. पंपाच्या पुढे पाइप. पाइपांच्या तक्त्यांमध्ये बिडाच्या नव्या पाइपाचा खरखरीतपणा साधारण ०.२६ मिलिमीटर धरतात, जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपाचा ०.१५, साध्या पोलादी पाइपाचा ०.०४५ आणि पीव्हीसीचा जवळजवळ शून्य, म्हणजे मिलिमीटरचा सहाशे-सातशेवा भाग. विहिरीवरचा शेतकरी हे आकडे वाचत नाही, पण जुना गंजका पाइप काढून पीव्हीसी टाकल्यावर त्याच मोटारीने पाणी जास्त येतं, हे तो पाहतो. आज संस्थानाच्या जुन्या आटपाडी तुकड्यात कृष्णेचं पाणी पोचतं ते टेंभू उपसा सिंचन योजनेतून, कऱ्हाडजवळच्या टेंभूपासून टप्प्याटप्प्याने उचलून. अशा योजनेत पाणी उंच चढवायची वीज टाळता येत नाही. पाइपाच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणाची वीज मात्र वेगळी मोजता येते, आणि ती दर हंगामात मोजून द्यावीच लागते. पाणीपट्टीवर होणाऱ्या वादांमध्ये भिंतीच्या या खरखरीतपणाचा उल्लेख कुणी करत नाही. करायला हरकत नाही.

पाइपाच्या भिंतीच्या खरखरीतपणाचा परिणाम पद्धतशीरपणे मोजला तो योहान निकुराद्झे यांनी, जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये, लुडविग प्रांट्ल यांच्या प्रयोगशाळेत. १९३३ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आजही प्रत्येक अभियांत्रिकी पुस्तकात आहे आणि त्याचं मोठेपण त्याच्या साधेपणात आहे. वाळू चाळण्यांतून गाळून एकसारख्या दाण्याची केली, पाइपांच्या आतून चिकटवली आणि पाणी सोडलं. दाण्याचा आकार पाइपाच्या व्यासाच्या तिसाव्या भागापासून सुमारे हजाराव्या भागापर्यंत बदलत नेला. प्रत्येक पाइपात वेग वाढवत दाबातली घट मोजली.

निघालं ते असं. प्रवाह संथ, थराथरांनी सरकणारा असेल, तर वाळूचा काहीच परिणाम नाही. खरखरीत पाइप आणि काचेसारखा पाइप सारखेच वागतात. प्रवाह संक्षुब्ध झाला, म्हणजे त्यात भोवरे उठू लागले, तरीही काही वेगापर्यंत पाइपाला स्वतःची वाळू जणू माहीत नसते. मग एका टप्प्यावर आलेख गुळगुळीत पाइपाच्या रेषेपासून सुटतो, आणि त्याहून पुढे घर्षणाचा गुणांक आडवा होतो. वेग कितीही वाढवा, गुणांक तोच. तो ठरवायला आता पाण्याचा चिकटपणा लागत नाही, फक्त दाणा आणि पाइपाचा व्यास यांचं गुणोत्तर पुरतं.

संक्षुब्ध प्रवाहाच्या या तीन अवस्था का येतात, ते भिंतीजवळच्या एका पातळ थरामुळे. संक्षुब्ध प्रवाहातसुद्धा भिंतीला अगदी लागून पाणी खळाळत नाही. भिंतीने धरून ठेवलेला तो थर चिकटपणाच्या ताब्यात असतो, त्यात भोवऱ्यांना शिरकाव नसतो. हा थर किती जाड? साखर कारखान्यातल्या रस तापवायच्या नळीचंच गणित करू. नळीचा आतला व्यास ४२ मिलिमीटर, रसाचा वेग सेकंदाला २ मीटर, तापमान ७०–८० अंश. या आकड्यांवरून थर निघतो सुमारे ३० मायक्रॉनचा. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन असतो. केसाच्या निम्म्याहून पातळ अशा या थरावर पुढचं सगळं अवलंबून आहे. वाळूचा दाणा त्याच्या आत बुडालेला असेल तर वरच्या प्रवाहाला भिंत गुळगुळीतच. दाणा थराच्या वर डोकं काढू लागला की घर्षण वाढतं. तो चांगला वर आला, की थराचं राज्य संपलं.

उष्णतेचा मुख्य अडसरही हाच थर असतो. वाफेने तापलेल्या नळीच्या भिंतीकडून रसाच्या मध्यापर्यंत उष्णता जाते ती दोन रीतींनी. स्लॅब टाकताना घमेली हातोहात पुढे सरकतात, माणसं जागच्या जागी उभी राहतात, तशी भिंतीलगतच्या थरात उष्णता रेणूकडून रेणूकडे जाते. थराच्या बाहेर मात्र भोवरा स्वतःच घमेलं उचलून पळत सुटतो. साहजिकच सगळा खोळंबा भिंतीशी होतो. भिंत आणि रस यांच्या तापमानात असलेला फरक बहुतांश या थरात आणि त्याच्या लगतच्या पट्ट्यातच खर्ची पडतो. नळीच्या मध्यभागी तापमान जवळजवळ एकसारखं असतं. त्यामुळे नळीतला रस अजून ढवळण्यात अर्थ नाही, तो ढवळलेलाच आहे. ढवळायचं असेल तर ते भिंतीशी, केसाच्या जाडीइतक्या जागेत. तिथे पोचणारी गोष्ट एकच: भिंतीचा स्वतःचा खरखरीतपणा.

इथपर्यंत आलेल्या वाचकाला वाटेल की हिशेब सोपा आहे. दाणा थर मोडतो, थर मोडला की घर्षण वाढतं आणि उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८७४ साली मँचेस्टरमध्ये बॉयलरच्या तापत्या पृष्ठभागांवर लिहिताना असंच काहीसं म्हटलं होतं: जे भोवरे वेग भिंतीकडे नेतात तेच उष्णताही नेतात, म्हणून एकाच्या मापावरून दुसऱ्याचं माप मिळावं. १८८३ साली काचेच्या नळीत रंगाची धार सोडून संथ आणि संक्षुब्ध प्रवाहातला फरक दाखवणारे रेनॉल्ड्स ते हेच. त्यांची ही कल्पना गुळगुळीत नळीसाठी, विशेषतः हवेसाठी, आश्चर्य वाटावं इतकी खरी ठरते. खरखरीत नळीत ती मोडते, आणि कशी मोडते हाच या पुस्तकाचा गाभा आहे.

थरातून वर आलेल्या एका दाण्याकडे पाहा. प्रवाह त्याच्यावर समोरून आदळतो, त्यामुळे दाण्याच्या पुढच्या बाजूला दाब वाढतो. मागच्या बाजूला प्रवाह सुटा होतो, तिथे छोटा भोवरा फिरत राहतो आणि दाब कमी असतो. पुढे जास्त, मागे कमी, म्हणजे दाण्याने प्रवाहाला धरून ठेवलं. ही पकड दाबाची आहे, चिकटपणाची नाही. निकुराद्झेंचा आलेख आडवा होतो तो याच कारणाने: सगळं घर्षण आता दाबाचं झालेलं असतं. पण उष्णतेकडे दाबासारखं साधन नाही. दाण्याच्या पुढे दाब कितीही वाढो, दाबामुळे भिंतीतून रसात उष्णता ढकलली जात नाही. ती शेवटी दाण्याच्या अंगाला चिकटलेल्या पातळ थरातून रेणूंच्या हातांनीच जाते. दाण्याने केलेल्या खळबळीने तो थर अजून पातळ होतो, म्हणून उष्णता वाढते. पण घर्षणाला मिळालेला दाबाचा हिस्सा तिच्या वाट्याला येत नाही. खर्चाच्या बाजूला एक रकम अशी पडते की जिची जोडी जमेच्या बाजूला नाहीच.

म्हणून खरखरीत नळीत घर्षण सहसा पुढे पळतं आणि उष्णता मागे राहते. हे नेहमी खरं असतं तर अभियंत्यांनी विषय सोडून दिला असता. १९६३ साली कॅलिफोर्नियात डिप्री आणि सेबर्स्की यांनी निकुराद्झेंच्या जातीच्याच, म्हणजे दाट दाण्यांच्या नळ्या घेऊन पाण्यावर उष्णतेचे प्रयोग केले. खरखरीतपणामुळे उष्णतेचा गुणांक २७० टक्क्यांपर्यंत वाढलेला त्यांना दिसला. घर्षण बहुतेक ठिकाणी त्याहून जास्त वाढलं. पण एक पट्टा असा सापडला जिथे क्रम उलटा होता: दाणा थराच्या वर नुकताच डोकावू लागलेला असतो तो मधला टप्पा, आणि त्यातही द्रव असा की ज्यात उष्णता वेगाच्या मानाने हळू पसरते. मापनाच्या भाषेत, ज्याचा प्रांट्ल अंक मोठा. हवेचा हा अंक ०.७ च्या आसपास, गार पाण्याचा ७ किंवा त्याहून जास्त, तेलांचा शेकड्यांत. अंक जितका मोठा तितकी उष्णतेची अडचण भिंतीच्या अधिक जवळ, अधिक पातळ पट्टीत गोळा झालेली असते. मग वेगाच्या थराला फारसा धक्का न लावता लहानशा दाण्याने उष्णतेची ती पट्टी मोडता येते. खर्च थोडा आणि जमा बरी, असा हा एकच टापू. माझ्या मते खरखरीत पृष्ठभाग रचणाऱ्याने आपली सगळी अक्कल इथे लावावी. दाणा मोठा करत नेणं हे कुणालाही जमतं.

आपल्या देशात या विषयावरचं बरंच काम सूर्यशक्तीवर चालणाऱ्या हवातापकांच्या निमित्ताने झालं. काळ्या पत्र्याखालून हवा वाहते, पत्रा उन्हाने तापतो आणि हवा गरम होऊन बाहेर पडते. धान्य, मिरची, फळं सुकवायला हे बरं साधन. पण हवा उष्णता घ्यायला फार आळशी असते, त्यामुळे पत्रा नुसता तापून बसतो आणि त्याची उष्णता वर आकाशाकडे जाते. १९८८ साली प्रसाद आणि सैनी यांनी पत्र्याच्या आतल्या बाजूला, हवेच्या वाटेला आडव्या, ठरावीक अंतराने बारीक तारा चिकटवल्या तर काय होतं याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तारा बारीक, वाटेच्या व्यासाच्या दोन-तीन टक्के जाडीच्या, आणि दोन तारांमधलं अंतर तारेच्या जाडीच्या दहा ते वीस पट. दहापट अंतरावर उष्णता गुळगुळीत पत्र्याच्या सुमारे २.४ पट झाली, घर्षण ४.२५ पट.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की पहिल्यांदा वाटतं, सौदा तोट्याचा आहे. तसा तो नाही. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने बदलते. घर्षण सव्वाचार पट झालं तर वेग कमी करून, सव्वाचारच्या घनमुळाने म्हणजे १.६ ने भागून, तीच शक्ती राखता येते. तितकीच शक्ती खर्चून उष्णता पाहिली तर ती ढोबळमानाने दीडपट उरते. घनमुळाचा हा हात खरखरीतपणाच्या मदतीला नेहमी असतो, आणि तो विसरून केलेली तुलना मी अनेक प्रकल्प-अहवालांत पाहिली आहे. अर्थात उलट चूकही होते: पंखा तोच, वेगही तोच धरून उष्णता कितीपट वाढली ते छापायचं आणि विजेचा कागद बाजूला ठेवायचा.

तारांमधल्या अंतराबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तारेवरून उडी मारलेला प्रवाह पुढे काही अंतरावर परत पत्र्याला येऊन टेकतो. तो टेकतो त्या जागी थर सगळ्यांत ताजा आणि पातळ, म्हणून उष्णता सगळ्यांत जास्त. तारा जवळ जवळ लावल्या तर प्रवाहाला टेकायला जागाच मिळत नाही. तो तारांच्या माथ्यांवरून सरकत जातो आणि मधल्या खोबणींत हवा कोंडून राहते. उष्णता मिळत नाही, घर्षण मात्र पुरेपूर. दाट खरखरीतपणा म्हणजे चांगला खरखरीतपणा असं नाही. 

तासगावच्या बेदाण्याचं उदाहरण मुद्दाम टाळलं आहे. तिथे सुकणं ठरतं ते द्राक्षाच्या सालीवरच्या मेणाच्या थरावर आणि शेडमधून जाणाऱ्या वाऱ्यावर. तो बाष्पाचा विषय, आणि त्याला वेगळं पुस्तक लागेल.

साखर कारखान्याकडे परत जाऊ, कारण हा विषय आपल्या जिल्ह्यांत सगळ्यांत जास्त पैसे खातो तो तिथे. कुंडललाच आज क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड यांच्या नावाचा सहकारी कारखाना उभा आहे. सातारा-सांगलीत असे कितीतरी. गाळपाचा कच्चा रस ज्यूस हीटरमध्ये साधारण ७० अंशांपर्यंत तापवतात, चुना आणि गंधकाची प्रक्रिया झाल्यावर पुन्हा १०२–१०३ अंशांपर्यंत नेतात आणि मग निवळायला क्लॅरिफायरमध्ये सोडतात. पुढे इव्हॅपोरेटरच्या ओळीत तो आटतो. या सगळ्या वाटेत रस नळ्यांमधून जातो आणि नळ्यांच्या आतून कीट बसतं. फॉस्फेटं, सल्फेटं, सिलिका, जे उसातून आणि चुन्यातून येतं ते सगळं. म्हणून ठरावीक दिवसांनी इव्हॅपोरेटरची बॉडी, म्हणजे भांडं, रिकामी करून कॉस्टिक उकळावं लागतं, ब्रश फिरवावे लागतात.

कीट खरखरीत असतं. मग ते मदत का करत नाही? गंमत अशी की पहिल्या काही तासांत ते करतंही. तापणाऱ्या नळ्यांवरच्या प्रयोगांत असं दिसून येतं की साफ नळीवर पहिला विरळ थर बसताना उष्णता कधी कधी किंचित वाढते. कण थराच्या वर डोकावतात आणि भिंतीशी खळबळ करतात. नोंदवहीत त्या दिवशीचे आकडे पाहून कुणालाही वाटेल की साफसफाई लांबवावी. पण कीट धातू नाही. पितळ उष्णता नेतं त्याच्या सुमारे शंभरावा भाग ते नेतं. हीटरची साफ अवस्थेतली एकूण क्षमता दर चौरस मीटरला, दर अंशाला १,००० वॉट धरली आणि कीट मीटर-अंशाला १ वॉट नेतं असं धरलं, तर एक मिलिमीटर कीट बसताच उष्णता निम्मी होते. पृष्ठभागाची सगळी कारागिरी त्याखाली गाडली जाते. वरून घर्षण वाढलेलंच असतं, कारण खरखरीतपणाही आहे आणि नळीही अरुंद झाली आहे. खरखरीतपणा भिंतीच्याच धातूचा असेल तर तो कामाचा. भिंतीवर येऊन बसलेला खरखरीतपणा फक्त खर्च. निर्णय घेणाऱ्या माणसाला या पुस्तकातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ती ही.

यातून एक अवघड प्रश्न निघतो: जिथे कीट बसणारच आहे तिथे मुद्दाम खाचा पाडलेल्या नळ्या घालाव्यात का? विक्रेते हो म्हणतात. खाचांमुळे भिंतीशी ओढ वाढते आणि सैल कण धुतले जातात, हे त्यांचं म्हणणं काही द्रवांसाठी बरोबर आहे. पण कठीण, स्फटिकासारखं कीट खाचेत बसलं तर ब्रश तिथे पोचत नाही. रसाच्या नळ्यांसाठी माझा कौल साध्या नळीकडे आहे, वेग थोडा जास्त ठेवून. वाफेच्या किंवा गार पाण्याच्या बाजूला खाचा घालायला माझी ना नाही. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी सहावं प्रकरण खोडायला घ्यावं. आकडे तिथेच आहेत.

दुधाने मात्र हा पेच फार देखणा सोडवला आहे. किर्लोस्करवाडीपासून जवळचं स्टेशन भिलवडी. चितळ्यांची डेअरी तिथे १९३९ साली सुरू झाली. आजच्या कुठल्याही मोठ्या डेअरीत दूध पाश्चरायझरमधून जातं: ७२ अंश, १५ सेकंद, आणि लगेच गार. हे घडतं पातळ स्टेनलेस पत्र्यांच्या गठ्ठ्यात. एका फटीतून दूध, शेजारच्या फटीतून गरम पाणी. हे पत्रे सपाट नसतात, त्यांवर माशाच्या काट्यासारख्या तिरक्या नागमोडी घड्या दाबलेल्या असतात. प्रवाह सतत वळतो, आदळतो आणि कमी वेगातही संक्षुब्ध होतो. त्याच वेळी पत्र्याचं अंग आरशासारखं असतं; दुधाला लागणाऱ्या पृष्ठभागाचा सरासरी खरखरीतपणा ०.८ मायक्रॉनच्या वर नसावा असा दंडक आहे, नाहीतर जिवाणूंना दडायला जागा मिळते. म्हणजे मिलिमीटरच्या मापात उंच-सखल आणि मायक्रॉनच्या मापात गुळगुळीत. एकाच पत्र्याला दोन्ही मागण्या पुऱ्या करायला लावल्या त्या त्यांची मापं वेगळी ओळखून. प्लेटचा हा तापक १९२३ साली रिचर्ड सेलिगमन यांनी इंग्लंडमध्ये आणला, तोही दुधासाठीच.

गुऱ्हाळाबद्दल थोडंसं, कारण प्रश्न हमखास येतो. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेत काहिलीच्या तळाला खालून पट्ट्या जोडून जळण वाचतं का, ते पाहिलं गेलं आणि ते वाचतं. पण त्या पट्ट्यांचं मुख्य काम पृष्ठभाग वाढवणं हे आहे, थर मोडणं नाही; दोन्ही गोष्टी उपयोगी असल्या तरी त्यांचं गणित निराळं आहे. आणि काहिलीच्या आतल्या बाजूला, घट्ट होत चाललेल्या पाकाशी, बारीक खरखरीतपणाने काहीच साधत नाही. प्रवाह संथ झाला की निकुराद्झेंची पहिली रेषा लागू होते, आणि खरखरीत तळाला गूळ फक्त करपतो. गुळव्या काहील घासून लख्ख ठेवतो ते बरोबरच आहे.

पुस्तकातल्या गणितांसाठी बारावीच्या पुढचं काही लागत नाही. डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला पहिली तीन प्रकरणं सोपी वाटतील, चौथं जड जाईल; त्यात खरखरीत भिंतीजवळच्या वेगाचा आणि तापमानाचा आलेख मांडला आहे आणि तो मांडायला लघुगणकाशिवाय गत्यंतर नव्हतं. कारखान्यातल्या माणसाने चौथं प्रकरण सोडून थेट पाचव्याला जावं, नुकसान होणार नाही. संगणकावर असे प्रवाह सोडवण्याची पद्धत आता रुळली आहे, पण तिचा भाग मी मुद्दाम लहान ठेवला. प्रत्येक दाण्याभोवतीचा प्रवाह सोडवायला प्रचंड गणन लागतं, म्हणून नेहमीच्या कामात भिंतीशी एक ठोकताळाच वापरला जातो. तो ठोकताळा कुठून आला हे ठाऊक नसेल तर पडद्यावरची रंगीत चित्रं पाहून फसायला होतं.

शब्दांच्या बाबतीत मी सोवळेपणा केलेला नाही. कारखान्यात हीटर, बॉडी, कॉस्टिक म्हणतात, म्हणून पुस्तकातही तेच आहे. आकडे सगळे मेट्रिक मापात आहेत. जुन्या पंपांच्या पत्रकांतले फूट आणि गॅलन मात्र परिशिष्टात बदलून दिले आहेत, कारण त्यांपैकी काही पंप अजून चालू आहेत.

एक विनंती. ज्यांच्याकडे ज्यूस हीटरची नोंदवही आहे, त्यात रस आत जातानाचं आणि बाहेर पडतानाचं तापमान, वाफेचा दाब आणि पंपाच्या दाबातली घट रोज लिहिलेली असते, त्यांनी एका साफसफाईपासून पुढच्या साफसफाईपर्यंतचे आकडे घेऊन पाचव्या प्रकरणाच्या शेवटी दिलेला तक्ता भरावा. उष्णता आणि घर्षण या दोन रेषा एकाच कागदावर काढाव्यात. उष्णतेची रेषा खाली वळते तो दिवस आणि तुमच्याकडे सध्या नळ्या साफ करायला घेतात तो दिवस, या दोहोंत किती अंतर आहे ते मोजावं आणि पुढच्या गळीत हंगामाचं वेळापत्रक त्यावरून लावावं.